‘खळं’ आणि माझा अधू कान

मी हेडफोन आहे. काळा, मोठ्या कानांचा, डोक्यावरच्या पट्टीला दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेला. माझ्यातून सगळे ऐकतात, पण माझं कोणी ऐकून घेत नाही. आज घ्या. कारण एका प्रकरणात मी गुन्हेगार आहे की कलाकार, हेच मला अजून उमगलेलं नाही.

माझा कारखाना कुठला, ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट रिसोडच्या धनराजच्या फोटो स्टुडिओत. तिथं मी लग्नं ऐकली. मंगलाष्टकं, बँड, मांडवातली रडारड आणि मधूनच कोणाची तरी शिवी, जी धनराज हळूच कापून टाकायचा. एके दिवशी मी टेबलावरून फरशीवर पडलो. धनराजनं उचललं, फुंकर मारली, कानाला लावलं आणि म्हणाला, “चालते.” मलाही वाटलं, चालतंय. स्वतःचा आवाज स्वतःला कुठं कळतो?

पुढं लोक मोबाईलवरच लग्नं उतरवू लागले आणि स्टुडिओ बंद झाला. तिथं दोन वर्षं व्हिडिओ जोडण्याचं काम करणाऱ्या पल्लवीच्या हातात धनराजनं मला ठेवलं. “घेऊन जाय पोरी. तुले आवाजाचं येड हाये.”

असा मी पल्लवीच्या गावी, केनवडला आलो. पल्लवीचे वडील जानराव एसटीत वाहक होते, आता घरीच असतात. आई विमलबाई दीड एकर शेत बघतात. पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेबल, टेबलावर जुना लॅपटॉप. त्याचा स्पीकर कधीच गेलेला. म्हणून पल्लवीचा सगळा भार माझ्यावर.

स्टुडिओत मी गाणी ऐकली होती, पण ती कशी बनतात ते इथं पाहिलं. पल्लवी थ्रेशरचा आवाज मोबाईलवर धरून आणायची. तो कापायची, ताणायची, त्याच्या घरघरीतून ठेका काढायची. बाजारातली आरोळी, पत्र्यावर वाळत घातलेल्या तुरीचा खळखळाट, काहीही चालायचं तिला. तिचा मावसभाऊ नरेंद्र पुण्यात कंपनीत. तो रॅप लिहायचा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. सोयाबीन निघालं की ऊसतोडीला, वीटभट्टीला निघून जाणारी माणसं आणि कुलूप लागलेली दारं, हे त्याचे शब्द. बाकी सगळं पल्लवीचं. दीड वर्ष लागलं. नऊ गाण्यांचा अल्बम झाला. नाव ठेवलं ‘खळं’. एका दुपारी तिनं तो इंटरनेटवर टाकला आणि मला टेबलावर ठेवलं.

पहिलं मत घरातच मिळालं. मोबाईलच्या स्पीकरवर जानरावांनी तीन गाणी ऐकली.

“मस्त म्हनून राह्यला नरेंद्र,” ते म्हणाले. “पन तू यात कुठी हायेस?”

“बीट माह्या हायेत, बाबा.”

“बीट? थे तं पोलीस जमादाराची राह्यते.”

पल्लवी हसली, पण मी तिच्या कानांवर होतो. कानांमागची शीर उडताना मला लागत होती.

गावातही तेच. शेजारचे उकंडराव दारात येऊन नरेंद्रचं कौतुक करून गेले, आणि जाताना पल्लवीला म्हणाले, “तू बी शिकून घे त्याच्यापासून.”

आठवड्यानं पुण्याच्या एका संकेतस्थळावर लेख आला. वैजयंती नावाच्या समीक्षिकेनं लिहिला होता. लेखात पल्लवीचं नाव पहिल्याच ओळीत. पल्लवीनं तो मोठ्यानं वाचला: “या प्रोड्यूसरनं डावी बाजू जवळजवळ रिकामी ठेवली आहे. सगळं गाव उजव्या कानात गजबजतं आणि डाव्या कानात उरतं कुलूप लावलेलं घर. निघून गेलेल्यांची जागा इतक्या धीटपणे कोणी ऐकवली नव्हती.”

विमलबाईंनी पोरीच्या गालावरून हात फिरवला. पल्लवीनं मात्र तीच ओळ पुन्हा वाचली. “आई, मी डावी बाजू रिकामी ठेवलीच नाई. दोन्हीकडं सारखं हाये.”

त्याच दिवशी नागपूरच्या एका यूट्यूबवाल्याचा व्हिडिओ आला. पाचपैकी दोन गुण. “उजवा कान दुखून आला भाऊ. मिक्सिंग कच्चं आहे. घाईत केलंय.” खाली ऐकणाऱ्यांची भांडणं जुंपली. एकानं लिहिलं, माझा इयरफोन बिघडला समजून मी नवा घेतला, तोही तसाच. दुसरा म्हणाला, तुला कला कळत नाही. तिसऱ्यानं विचारलं, हे मुद्दाम आहे की नाही तेवढं सांगा, म्हणजे आवडायचं की नाही ते ठरवता येईल.

पल्लवीनं नरेंद्रला फोन लावला.

“ताई, तू मुद्दाम केलं ना थे?” तो म्हणाला. “मले लय भारी वाटलं. मी म्हटलं, इतकं डोकं चालवलं तिनं, मंग कायले विचारू?”

फोन ठेवून तिनं मला उचललं. चौथं गाणं लावलं. ऐकलं. मग नरेंद्रनं पाठवलेला मूळ आवाज लावला, जो दोन्ही बाजूंना सारखाच असतो, आणि एक साधी गोष्ट केली, जी दीड वर्षात कधी केली नव्हती. मला उलटं घातलं. डावा कान उजवीकडं, उजवा डावीकडं.

ती दचकली. पुन्हा सरळ घातलं, पुन्हा उलटं. माझा उजवा कान जिकडं जाई, तिकडं आवाज मिणमिणता होई. धनराजच्या फरशीवर माझ्यात काय तुटलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी उजवीकडं कमी देत होतो, म्हणून ती बिचारी उजवीकडं वाढवत होती. मोबाईलच्या स्पीकरवर दोन्ही बाजू एकत्र वाजायच्या, तेव्हा सगळं बरोबर वाटायचं.

माझ्यामुळं तिला दोन गुण मिळाले होते. आणि माझ्यामुळंच तो लेखही आला होता. मी लाजू की फुगू?

तिनं जानरावांना सांगितलं. त्यांनी दाढी खाजवली. “लोक चांगलं म्हनून राह्यले नं? मंग तू काहून खराब म्हनतेस? गप राह्य.”

“पन थे मी केलंच नाई, बाबा.”

“मंग कोन केलं?”

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. बापलेक दोघंही माझ्याकडं बघत राहिले. मला तोंड असतं तरी मी काय बोललो असतो?

दोन दिवसांनी वैजयंतीबाईंनी व्हिडिओवर पल्लवीची मुलाखत घेतली. पहिलाच प्रश्न आला, “डावी बाजू रिकामी ठेवायचं कसं सुचलं?” मला वाटलं, सांगेल काहीतरी गोड. ती म्हणाली, “मॅडम, सुचलं नाई. माझा हेडफोन एका कानानं अधू आहे. मला ते माहीतच नव्हतं.”

वैजयंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, “माझा भाऊ आखातात असतो. त्या रिकाम्या बाजूत मला त्याची खोली दिसली होती. मी रडले होते, पल्लवी. मग मी ऐकलं ते काय होतं?”



बाईंनी लेख काढला नाही, फक्त खाली खरी हकीकत जोडली. मग आणखी गोंधळ. कोणी पल्लवीला प्रामाणिक म्हणालं, कोणी अडाणी. नागपूरवाल्यानं ‘मी म्हटलंच होतं’ असा दुसरा व्हिडिओ केला, पण त्यात गुण दोनाचे तीन केले. का, ते त्यानं सांगितलं नाही.

पल्लवीनं नरेंद्रकडून चांगला हेडफोन मागवला आणि नऊच्या नऊ गाणी नव्यानं जुळवली. दोन्ही बाजू सारख्या. स्वच्छ, नेटकं. चारच दिवसांत सुरतेहून एका कामगाराचा निरोप आला. मूळचा आमच्याच भागातल्या धनज गावचा. “ताई, नवं चांगलं आहे, पण जुनं काढू नका. जुन्यात मी गावी नसल्यासारखं वाटतं, आणि तेच खरं आहे.”

आता दोन्ही ‘खळं’ इंटरनेटवर आहेत. लोक विचारतात, खरं कोणतं? पल्लवी म्हणते, “मले बी समजून नाई राह्यलं.”

मी आता खिडकीच्या खिळ्याला टांगलेला असतो. मघाशी विमलबाई शेतातून आल्या, हात धुतले आणि मला खिळ्यावरून काढलं. “मले आयकव वं,” पोरीला म्हणाल्या. त्यांनी मला आयुष्यात पहिल्यांदा घातलं, तेही उलटं, पदरावरूनच. पल्लवीनं जुनं चौथं गाणं लावलं. दोन्ही तळव्यांनी मला घट्ट दाबून, डोळे मिटून बाई ऐकत राहिल्या. गाणं संपलं.

“कसं वाटलं, आई?”

“सारं समजलं नाई,” त्या म्हणाल्या. “पन काढू नको. अजून एकडाव लाव.”

मंडळी, गुण देणाऱ्यांनो, गुण द्या; भांडणाऱ्यांनो, भांडा. मला एवढंच मागायचं आहे. न समजलेलं गाणं एकदा तरी पुन्हा लावा. मी अधू आहे, पण पल्लवीच्या आईचे तळहात अजून माझ्या दोन्ही कानांवर आहेत, आणि तेच गाणं पुन्हा सुरू झालंय.