बुटातली भीक

सिग्नलला उभं राहून पैसे मागायचे नाहीत, असा नियम आमच्या ओहायोतल्या एवढ्याशा गावानं केला. पोलीस वेंडेलनं मला तीनदा दंडाची पावती फाडून हाकललं. मी सप्टेंबरच्या सुट्टीची वाट पाहिली. त्या दिवशी अग्निशमन दलाचे जवान दरवर्षीसारखे त्याच सिग्नलला उभे राहिले आणि आजारी मुलांसाठी गाड्यांपुढे रबरी बूट धरून पैसे मागू लागले.

मी वेंडेलला म्हटलं, "यांचीही पावती फाड."

"काहीतरीच काय, व्हर्नाबाई. ते चांगल्या कामासाठी मागतायत."

"आणि मी जेवते, ते वाईट काम का रे?"

त्या जवानांत वेंडेलचा सख्खा भाऊ होता.

मी पायातला फाटका बूट काढला, त्याच्या भावाशेजारी जाऊन उभी राहिले आणि तो गाड्यांपुढे धरला.

"आता फाड. पण एक नाही, दोन फाड."