केसांसकट ससा

आमच्या स्केलरबी गावात मटण कापण्याच्या परीक्षेत आजवर एकच माणूस नापास झाला आहे, आणि तो म्हणजे गावचा खाटीक. हेडली आउथवेट. पन्नास वर्षं दुकान चालवून निवृत्त झालेला माणूस. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतो. मारतो, पण या बाबतीत मला तशी गरजच पडलेली नाही.

हेडलीच्या हाताबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याचं सॉसेज इतकं सरळ लोंबायचं की चर्चची भिंत बांधणारा गवंडी एकदा ओळंबा घरी विसरला तेव्हा त्याने हेडलीकडून एक सॉसेज उसनं नेलं. भिंत अजून सरळ आहे, फक्त गावातली कुत्री तिच्या पायथ्याशी जरा जास्त वेळ घालवतात. त्याने कापलेले मटणाचे चॉप एका बाईने शिजवलेच नाहीत, चौकट करून दिवाणखान्यात लावले. नंतर खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, ती गोष्ट वेगळी.

हा हात तयार केला दोघांनी. पहिला त्याचा उस्ताद. चौदाव्या वर्षी हेडली त्याच्याकडे कामाला लागला. मटणावर एक केस सापडला की सत्तुराच्या मुठीचा एक फटका बोटांवर, हा त्या दुकानाचा अभ्यासक्रम. दुसरी, म्हणजे आमच्या गावच्या समस्त बायका, आणि त्यांची सेनापती ग्लेनिस सग्डेन. दर शनिवारी ग्लेनिस दुकानाच्या फळीपलीकडे उभी राहायची आणि सुरू व्हायची. चरबी काढ. हाड काढ. ती शीर कसली दिसते, तीही काढ. मेंढीची अख्खी तंगडी मागायची आणि शेवटी घरी न्यायची ते पाकिटात घालून पोस्टात टाकता आलं असतं. चाळीस वर्षं तिने हेच केलं. हेडलीने एकदाही तोंड वर करून नाही म्हटलं नाही. गिऱ्हाईक जे मागेल ते द्यायचं, हा त्याचा धर्म. चर्चमध्ये तो फक्त सरळ भिंत बघायला जायचा.

तर गेल्या वर्षी हेडलीचा धाकटा भाऊ क्लेम वारला. हेडलीला बायको नाही, पोर नाही, दुकानही गेलेलं. क्लेमच्या मागे उरलं काय, तर एक मोडकी सायकल आणि दोन फेरेट. फेरेट म्हणजे मुंगुसाच्या अंगाचा आणि जावयाच्या नखऱ्यांचा प्राणी. आमच्याकडे पूर्वी ससे हुसकायला तो त्यांच्या बिळात सोडायचे. हल्ली तो सोफ्यावर झोपतो. क्लेमच्या दोघांतला नर पांढरा, गळ्याशी पिवळट, थेट चर्चच्या मोठ्या पाद्र्यासारखा, म्हणून त्याचं नाव बिशप. मादी ट्रिक्सी, काळसर आणि अत्यंत अधार्मिक. क्लेम दवाखान्यात असताना दोघांची रवानगी झाली गावच्या फेरेट आश्रमात. आश्रम म्हणजे एका घराची मागची शेड. ते घर ग्लेनिस सग्डेनचं.

नवरा गेल्यावर ग्लेनिसला सेवेचा झटका आला. माणसांची सेवा तिने आधी करून पाहिली होती, माणसांना ती झेपली नाही. मग फेरेट. अभ्यास मात्र तिने कसून केला, हे मान्य केलं पाहिजे. फेरेटचं आतडं आखूड, दर तीन-चार तासांनी त्याला खायला लागतं, आणि लहानपणी जे खाल्लं तेच तो जन्मभर ओळखतो. बिशप आणि ट्रिक्सी क्लेमच्या हातून अख्खे ससे, उंदीर, कोंबडीची पिल्लं असं खाऊन वाढलेले. दुकानातल्या गोळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या तर ते दोघं त्यांच्यावर झोपायचे. तेव्हा आश्रमाचा नियम असा झाला की हे दोघं जातील ते अख्खी शिकार नीट तयार करून, तिचे वाटे घालू शकणाऱ्या माणसाकडेच. तशी परीक्षा होईल. फॉर्म चार पानी.

हेडली दोघांना मागायला गेला तेव्हा त्याला हे कळलं, आणि तो जोरात हसला. मी त्याला बारा वर्षांनी हसताना पाहिलं. मटण कापायची परीक्षा, म्हणाला, आणि ग्लेनिस घेणार.

पहिली परीक्षा त्याच्याच स्वयंपाकघरात झाली. चाळीस वर्षं त्याला नुसतं ‘हेडली’ म्हणणारी बाई हातात फॉर्म आल्याबरोबर ‘मिस्टर आउथवेट, तुम्ही’ करायला लागली. तिने एक ससा टेबलावर ठेवला. सोललेला नाही, साफ केलेला नाही, शेतातून जसा आला तसा. हेडलीने सुरी उचलली. मी दाराशी उभा होतो, मला शिंक आली. शिंकून डोळे उघडले तो ससा सोललेला, हाडं काढलेली, आतडी कागदात गुंडाळून कचऱ्यात, आणि मांसाची सुबक गुंडाळी दोऱ्याने बांधून वर अजमोद्याची काडी खोवलेली. राणीच्या ताटात ठेवावी अशी.

ग्लेनिसने फॉर्म पुढे ओढला. हाड? नाही. काळीज? नाही. कातडं, केस? नाही. फेरेटला हाड लागतं दातांना, काळीज लागतं रक्ताला, केस लागतात आतडं साफ राहायला. तुम्ही नेमकं हवं ते फेकलंत आणि नको ते सजवलंत, असं तिने समजावून सांगितलं. तिने दोघा फेरेटांनाही सोबत आणलं होतं. बिशपने ती गुंडाळी हुंगली आणि तिच्याकडे पाठ केली. ट्रिक्सीने तिच्यावर काय केलं ते फॉर्मात लिहायला रकाना नव्हता.

नापास. आणखी एक संधी, पुढच्या शनिवारी सकाळी. तेव्हाही जमलं नाही तर दुपारी दोघांना न्यायला हॅरोगेटहून एक जोडपं यायचं होतं. त्यांच्याकडे फेरेटांसाठी वेगळी खोली होती, खोलीत झुले होते, आणि शिकारीचे वाटे वारानुसार डब्यांत भरून ठेवलेले होते. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या.

ती गेल्यावर हेडलीने रिकामं टेबल पुसून काढलं. मग म्हणाला, “क्लेमचं घर आवरलं तेव्हा मी काहीच मागितलं नाही. ही दोन मागितली.”

मी म्हटलं, उद्या सकाळी माझ्या शेडमध्ये ये.

सहा दिवस माझ्या शेडमध्ये सराव चालला. ससे मी आणले. कुठून ते विचारू नका, ज्याची जमीन आहे तो अजून विचारतोय. हेडलीच्या मनात काही खोट नव्हती, खोट होती हातात. तो ससा घ्यायचा, आता केसांसकटच कापणार असं मोठ्याने म्हणायचा आणि वाक्य संपेपर्यंत ससा नागडा. मी सुरी बोथट केली, त्याने चमच्याने सोलला. डोळ्यांवर पट्टी बांधली, तर काम जास्तच सफाईदार झालं. शेवटी म्हटलं, ससा राहू दे, कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांनी सुरुवात कर. त्यात कापायचंच काही नाही, फ्रीजरमधून काढायची, वितळू द्यायची आणि वाढायची. मी चहा ठेवायला आत गेलो. परत येतो तो बारा पिल्लं साफ करून, तंगड्या दोऱ्याने बांधून ओळीने मांडलेली, जणू उंदरांच्या घरचं लग्न आहे. हेडलीने माझ्याकडे अपराधी नजरेने पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

त्या आठवड्यात आमच्या घरी रोज सशाचा रस्सा होता. गुरुवारी माझी बायको म्हणाली की तुझ्या त्या हुशार मित्राला एकदाचा नापास होऊ दे, म्हणजे मला डुकराचं मटण बघायला मिळेल.

शनिवार उजाडला. ग्लेनिस आली ती फेरेटांची पेटी, वजनाचा काटा आणि फॉर्म घेऊन. या वेळी ससा तिने अर्धवट गोठलेला आणला होता. ही गोष्ट तिने चांगली केली. पूर्ण वितळलेल्या सशाचा पोटातला ऐवज कापताना टेबलभर होतो, अर्धा गोठलेला असेल तर काप स्वच्छ पडतो आणि सगळं जागच्या जागी राहतं. सहा वाटे, मिस्टर आउथवेट. प्रत्येकात मांस, हाड, कातडं आणि आतलं थोडं थोडं. एक वाटा दीडशे ग्रॅम, पाच ग्रॅम इकडेतिकडे चालेल.

हेडलीने सत्तूर उचलला. मला त्याचा अंगठा दिसत होता. अंगठा आपणहून सशाच्या मागच्या पायाकडे चालला होता, जिथून सोलायला सुरुवात करतात तिथे. हेडलीने दुसऱ्या हाताने तो धरून मागे आणला. तो परत निघाला. टेबलाच्या पलीकडे ग्लेनिस उभी, हात छातीशी बांधून, मान किंचित पुढे. चाळीस वर्षं उभी राहायची तशी, अगदी तशीच. हेडलीच्या हाताला ‘चरबी काढ, हाड काढ’ ऐकूच येत होतं.

मला वाटलं, संपलं. हॅरोगेटचे झुले हलू लागले.

तेवढ्यात पेटीचं झाकण नाकाने उचलून बिशप बाहेर आला. टेबलावर चढला, सशाला एक फेरी मारली, आणि त्याच्या पोटावरच्या मऊ केसांत नाक खुपसून हेडलीकडे बघत बसला. ग्लेनिस त्याला उचलायला पुढे झाली.

हेडलीने सत्तूर आडवा धरला.

“जरा मागे व्हा, बाई,” तो म्हणाला. “तुमच्या आधी रांगेत दुसरं गिऱ्हाईक आहे.”

“कोण गिऱ्हाईक?”

“हे काय समोर. केव्हाचा उभा आहे बिचारा, आणि मी आपला तुमचीच ऑर्डर कापतोय.”

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी ती भिंतीला टेकून उभी राहिली, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरवर.

मग हेडली दुकानातल्यासारखा वाकला आणि बिशपला अदबीने विचारलं, काय देऊ साहेब. बिशपने नाक आणखी खोल घातलं. केसांसकट, हेडली म्हणाला. आणि आतलं? बिशपने पोटावर पंजा ठेवला. तेही राहू द्यायचं, बरं. तोवर ट्रिक्सीही बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली होती. शेजारच्या बाईंना काय? ट्रिक्सीने सशाचा कान धरून ओढला. डोकं बाईंना.

आणि सत्तूर पडला. सहा वेळा, फार तर सात. मी लोहार बघितलेत, लाकूडतोडे बघितलेत, पण तसा आवाज ऐकला नाही; एकेका घावाला सांधा बरोबर जिथे सापडायला हवा तिथे सापडत होता. खांदे, बरगड्या, कंबर, तंगड्या, आणि सहावा वाटा डोक्याचा, प्रत्येकाला कातडं चिकटलेलं, प्रत्येकात काळजाचा एकेक तुकडा. अंगठा गप्प होता. गिऱ्हाइकाने सोलायला सांगितलंच नव्हतं, तर तो काय करणार.

ग्लेनिसने वाटे काट्यावर ठेवले. दीडशे. दीडशे. दीडशे. चौथ्याला तिने काटा झटकून पाहिला. दीडशे. सहाव्याला तिने तो टेबलावर आपटला आणि आपलं पेन ठेवून पाहिलं, बिघडला असेल म्हणून. काटा बरा होता. हेडली म्हणाला की चुकून जास्त गेलं असेल तर राहू द्या, नेहमीचं गिऱ्हाईक आहे.

आता सही तेवढी उरली होती. पण तोवर दोघं फेरेट कामाला लागले होते. फेरेट जागेवर बसून जेवत नाही, तो माल उचलून लपवतो. आम्ही काट्याकडे बघत होतो तेवढ्यात पाच वाटे हेडलीच्या चांगल्या आरामखुर्चीखाली गेले आणि डोकं त्याच्या रविवारच्या बुटात. फॉर्मच्या चौथ्या पानावर शेवटचा प्रश्न हाच होता: लपवलेलं उरलंसुरलं पाळणारा स्वतः हुडकून काढतो का? नाहीतर माशा बसतात, वास सुटतो, जनावर आजारी पडतं. ग्लेनिसने प्रश्न मोठ्याने वाचला आणि पेन उघडून थांबली.

हेडलीने नकारार्थी मान हलवली. त्याने हात धुतले होते, पुसले होते.

“गिऱ्हाइकाने घरी नेलेला माल मी कधी परत घेतला नाही, बाई. आजही नाही घेणार.”

ती म्हणाली की मग मी सही करू शकत नाही. तो म्हणाला की ते तुम्ही बघा. ती म्हणाली की दुपारी दोनला ते लोक येतील. हेडलीचा चेहरा पडला; तो मला दिसला, आणि तिलाही दिसला. खुर्चीखालून ट्रिक्सीचा हाड फोडल्याचा आवाज येत होता. क्लेमच्या घरी रोज ऐकू यायचा, तसलाच असणार; हेडली तिकडे कान लावून होता.

ग्लेनिसने पेन दातांत धरलं, स्कर्ट सावरला आणि ती गुडघ्यांवर बसली. आडवी झाली. खांद्यापर्यंत हात खुर्चीखाली घातला. जिने चाळीस वर्षं मटणातली शीर चालवून घेतली नाही, तिने एकेक करत केसांसकट सशाचे पाच वाटे बाहेर काढले, मग बुटात हात घालून डोकंही काढलं, ट्रिक्सीशी थोडी ओढाताण करून. हे रोज संध्याकाळी करायला मी येईन, असं ती पेन दातांत धरूनच म्हणाली. निदान मला तसं ऐकू आलं. हेडली म्हणतो की ती शिवी होती.

मग तिने तिथेच पालथी पडून, फॉर्म फरशीवर ठेवून सही केली, आणि आत अजून काही राहिलं आहे का ते बघायला बॅटरी मागितली. हेडलीने बॅटरी आणली आणि तिच्याशेजारी गुडघे टेकून ती धरली.