बंधू फ्रेनेलच्या खोलीतला सैतान

ऑदेलीनची आई भूकंपातून वाचली आणि गळक्या चादरीखाली मेली. तीन आठवडे रोज पाऊस, तीन आठवडे ओली गादी, मग छातीत कफ. ताडपत्र्या वाटायचं काम भूकंपग्रस्तांच्या छावणीच्या समितीच्या अध्यक्षाकडे, म्हणजे बंधू फ्रेनेलकडे होतं. ऑदेलीन त्याच्या दारात चार वेळा गेली. "संपल्या गं, देवावर भरवसा ठेव," असं तो तीनदा म्हणाला. चौथ्यांदा त्याने तिच्या दंडावर हात ठेवला आणि संध्याकाळी एकटी आलीस तर एखादी निघेलही, असं सुचवलं. ती गेली नाही.

ताडपत्र्या कुठे आहेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फ्रेनेलच्या पक्क्या खोलीला दोन कुलपं होती आणि दर शनिवारी बाजारात निळ्या ताडपत्र्या विकायला यायच्या. पण तंबूची जागाही त्याच मेल्याच्या हातात, म्हणून बायका मूग गिळून बसायच्या. ऑदेलीनही गप्प होती, पण ती संधीची वाट बघत होती.

जूनमध्ये फ्लोरिडाहून मिशनची सतरा माणसं आली, सगळी पिवळ्या शर्टांत. ऑदेलीनने पोर्तोप्रिन्स शहरातल्या हॉटेलात नऊ वर्षं चादरी धुतल्या होत्या, इंग्रजी तिथेच शिकली. फ्रेनेलने तिलाच दुभाषी केलं.

"मी बोलेन तेवढंच सांगायचं," तो म्हणाला.

"तेवढंच, बंधू."

पाहुणे तंबूतंबूत जाऊन लोकांचे हात धरून प्रार्थना करत होते. त्यांचे पास्टर रँडल मनाचे चांगले होते, फार चांगले. मागच्या छावणीत एका माणसाने आत्म्यांच्या पूजेचे, म्हणजे पास्टरांच्या लेखी सैतानाचे, ढोल त्यांच्यासमोर जाळले होते आणि तो फोटो ते ज्याला त्याला दाखवत होते. ऑदेलीनलाही दाखवला. ती तो बराच वेळ बघत राहिली.

"पास्टर, एक घर राहिलंय," ती हळूच म्हणाली. "बंधू फ्रेनेलच्या खोलीला दोन कुलपं आहेत. आत आत्म्यांची वेदी असल्याचं ऐकते."

तिच्या आजीने जन्मभर त्या आत्म्यांना नैवेद्य दाखवला होता, कधी मुंगीचंही वाईट केलं नव्हतं. आजी, आज तुझ्या देवांना बदनाम करते, समजून घे, असं ती मनात म्हणाली.

रँडल तडक निघाले. मागून पिवळे शर्ट, त्यांच्यामागून बायका.

"काय सांगितलंस त्यांना?" फ्रेनेलने विचारलं.

"त्यांना तुमच्या खोलीत प्रार्थना करायचीय."

"माझी खोली पवित्र आहे म्हणावं."

तिने ते शब्दाला शब्द सांगितलं. मग उघडायला काय हरकत, असं रँडल म्हणाले. तिने तेही सांगितलं. फ्रेनेलची इकडे आड तिकडे विहीर झाली. किल्ली हरवलीय, असं तो म्हणाला.

"हरवलेली किल्ली गळ्यात लोंबतेय की तुझ्या," भजी विकणारी सिदोनी काकू म्हणाली. बायका हसल्या.

प्रार्थनासभेत कुणी नको ते बोलायला लागलं की फ्रेनेल मोठ्याने गाणं सुरू करून त्याचं तोंड बंद करायचा. आताही त्याने तेच केलं. पण बायकांनी गाणं उचललं आणि सोडलंच नाही. ज्याने गाणं काढलं त्याने ते मध्येच टाकायचं नसतं, अशी इथली रीत. कडवी संपली की सिदोनी काकू पुन्हा पहिल्यावर यायची. गाता गाता बायका पुढे सरकत गेल्या, फ्रेनेल दाराला टेकला. शेवटी त्याने गातच कुलपं काढली.

आत छतापर्यंत ताडपत्र्या होत्या, पट्ट्यासुद्धा न सुटलेल्या. रँडल गोंधळले.

"चुकलं माझं, पास्टर," ऑदेलीन म्हणाली. "सैतान नाही. बंधूंनी हे तुमच्या हातून वाटायला जपून ठेवलं होतं."

रँडलनी फ्रेनेलला कडकडून मिठी मारली. मग दुपारभर तो दारात उभा राहिला, एकेकीच्या हातात ताडपत्री ठेवत, "देव तुझं भलं करो" म्हणत. समोर कॅमेरे असल्यामुळे हसत. सिदोनी काकूने दोन घेतल्या आणि दोनदा म्हणवून घेतलं.

ऑदेलीन शेवटी आली. "बंधू माझ्या तंबूवर स्वतः बांधून देणार आहेत," असं तिने रँडलना सांगितलं. त्यांना ते फारच आवडलं.

फ्रेनेल रविवारी प्रार्थनेला घालायच्या बुटांनिशी चिखलात उतरला. "हे लोक जाऊ देत, तुला छावणीबाहेर काढतो," तो दातओठ खात पुटपुटला.

"काढा. आधी तो कोपरा बांधा. तिथे आईचं डोकं असायचं."

त्याने गुडघ्यांवर बसून गाठ मारली. माझी आई इथेच गेली, असं ऑदेलीनने रँडलना सांगितलं. त्यांनी टोपी काढली. म्हातारीसाठी प्रार्थना करायची होती, नाव काय तिचं, असं त्यांनी विचारलं.

ऑदेलीन फ्रेनेलकडे वळली. "आईचं नाव विचारतायत. तुम्हीच सांगा, बंधू. चार वेळा ते नाव घेऊन तुमच्या दारात आले होते मी."

फ्रेनेलने तोंड उघडलं आणि मिटलं. सतरा माणसं माना खाली घालून थांबली होती, मागे सगळ्या बायका थांबल्या होत्या. रँडलनी पुन्हा विचारलं. ऑदेलीनने पुन्हा फ्रेनेलकडे बघितलं आणि काही सांगितलं नाही. तिला अजिबात घाई नव्हती.