तारवीरची आत्या

बावीस वर्षं तारवीर विजेच्या तारेवरून चालत होता. भिवपुरीच्या खांबावर चढला की थेट खालापूरला उतरायचा आणि वाटेत चोरांना झटके द्यायचा. अडचण एकच होती. लाईट गेली की त्याची ताकदही जायची. मग हा जगाला वाचवणारा गडी कुणाच्या तरी बांधावर उतरून, चपला हातात घेऊन, चिखल तुडवत घरी यायचा. घरी भागूआत्या आधी त्याला फैलावर घ्यायची आणि मग जेवायला वाढायची. वाचक मारामारीची पानं भराभर उलटायचे आणि आत्याचं पान दोनदा वाचायचे.

हे कॉमिक काढायचा चंदर. तो दहिवलीत राहणारा, निवृत्त वायरमन. चित्रं त्याची, पण आत्याच्या तोंडची वाक्यं त्याच्या बायकोची, पौर्णिमाची. ती भाजी निवडता निवडता बोलायची आणि तो लिहून घ्यायचा. हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पौर्णिमा गेली. पुढच्या अंकात आत्या काय बोलेल ते चंदरला काही केल्या सुचेना. शेवटी त्यानं आत्यालाच मारलं. वाचक हळहळले. पण दोन महिन्यांत त्याचं त्यालाच राहवेना, म्हणून त्यानं तिला परत आणली. मेली ती तोतया होती, परग्रहावरून आलेली, असं चार ओळींत उरकून टाकलं. परत आलेली आत्या मात्र बोलेना, नुसती हसायची. ती कमी भरून काढायला चंदरनं तारवीरला बॅटरी बसवली. मग पंख लावले. मग त्याला मंगळावर पाठवला.

मंगळावर विजेचे खांब नाहीत, हे दहिवलीच्या गौराबाईनं फोन करून सांगितलं आणि अंक घेणं बंद केलं. तिच्यामागून बाकीचे गेले. साडेसहाशे अंक जायचे ते सत्तरवर आले. कर्जतच्या छापखान्यातून निरोप आला की शंभराच्या खाली मशीन लावणार नाही, पुढचा अंक शेवटचा समजा.

दर्शना, त्याची मुलगी, हिनं निरोप यायच्या आधीच बरेच उपाय सुचवले होते. रंगीत मुखपृष्ठ झालं. नवा खलनायक झाला. अंकासोबत फुकट स्टिकर झालं. ते पोरांनी घेतलं आणि अंक टपरीवरच ठेवला. निरोप आल्यावर ती म्हणाली, "बाबा, घरात बसून काय कळणार? चिडलेल्या एखाद्या माणसाला जाऊन विचारा ना."

सगळ्यात जास्त चिडलेला माणूस होता कुंभिवलीचा येसाजी. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान. त्यानं शिव्यांची तीन पत्रं पाठवली होती, पण अंक एकही चुकवला नव्हता. चंदरला याचं नवल वाटत होतं.

चंदर पोचला तेव्हा येसाजी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. रामराम, जयभीम झालं. चंदरनं सरळच विचारलं, एवढं आवडत नाही तर वाचता कशाला?

येसाजीनं ट्यूब खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. आत्या मेली त्या महिन्यात त्यानं दुकानामागच्या मोरीवर तिचा पिंड ठेवला होता. बायको मंदा म्हणाली, डोकं फिरलं. पण बावीस वर्षं वाचलेली आत्या, असं कसं सोडायचं? कावळे आले, बसले, शिवेनात. त्यानं हात जोडून कबूल केलं की मंदाला नीट वागवीन. शिवेनात. दारू सोडतो म्हणाला. तरी नाही. शेवटी म्हणाला, तुझ्या तारवीरला एकटा टाकणार नाही, शेवटपर्यंत वाचीन. तसा कावळा आला आणि शिवला.

"आता मला सोडता येत नाय," येसाजी म्हणाला. "अन तुमी तिला जित्ती केली. मग त्यो कावळा शिवला कुनाला, सांगा."

चंदरच्या घरात कावळ्याचा हा विधी कधी झाला नव्हता. पौर्णिमाच्या पुण्यानुमोदनाला विहारात वंदना झाली आणि खीर झाली. त्यानं खाली ठेवलेली ट्यूब उचलून पाण्यात धरली.

"बरं, आली तर आली," येसाजी म्हणाला. "पन ती बोलत का नाय वो?"

"बोलणारी गेली," चंदर म्हणाला. "आत्याचं सगळं बोलणं माझ्या बायकोचं होतं."

बाहेर टेंपोवाला हॉर्न मारत होता, त्याला येसाजीनं हातानंच थांब म्हटलं.

"मग तारवीरला ठावं हाय का?" त्यानं विचारलं. "का त्याच्यापासून लपवून ठिवलंय तुमी? त्याला सांगा. त्यो काय करतो ते आमाला बगायचंय. मंगळाचं काय करायचंय आमाला?"

चंदरनं चार दिवसांत अंक काढला. पहिल्याच पानावर तारवीर मंगळावरून परतला आणि लाईट गेली. बॅटरी विहिरीत पडली. तारवीर चिखलातून घरी आला तर दारात कुणी नाही. हसणारी आत्या त्यानंच भिंतीवर रंगवलेली होती. भिंतीसमोर उभा राहून तो म्हणाला, "गेली आत्या. मी उगाच सगळ्यांना आली आली सांगत बसलो." मग भूक लागली म्हणून चूल पेटवली, थंड पाण्यात तांदळाचं पीठ मळलं, गोल भाकरी थापली, खाल्ली आणि झोपला. बस. एकही चोर नाही. शेवटच्या पानावर नेहमीसारखा चंदरचा फोन नंबर.

अंक गेला त्या दिवशी कुणाचाच फोन आला नाही. चंदरनं ब्रश धुऊन डब्यात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन थांबेना. एकोणीस फोन, आणि सगळे भांडायला. तारवीर रडला की नाही याबद्दल चकार शब्द नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच: थंड पाण्यात मळलेली तांदळाची भाकरी अशी गोल होईलच कशी? येसाजीनं तर मंदाच्याच हातात फोन दिला आणि स्वतः बाजूला झाला. दर्शना टपरीवरून हसत आली. अंक संपले होते, दहिवलीतच आणखी साठ हवे होते. भाकरी लोकांना एकमेकांना दाखवायची होती.

चंदरला हे पटलं नाही. दोन वर्षं तो मुलीच्या हातची पोळी खात होता. पण पीठ ते पीठ, पाणी ते पाणी, असं त्याचं मत. त्यानं परात काढली, थंड पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. थापली तर भाकरीच्या कडा चारी बाजूंनी फाटल्या. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. पिठाच्या बोटानं त्यानं स्पीकर लावला. गौराबाई होती. दीड वर्षानं.

"चंदरभाऊ, मंगळ केलात तेव्हा मी गप्प बसले व्हते का? आता भाकरीत बी तेच? अवो, पानी उकळायचं, त्यात पीठ घालायचं, झाकन ठेवायचं—"

"थांबा, थांबा," चंदर म्हणाला. "लिहून घेतो."

"लिवता काय? आदी पानी ठेवा."

त्यानं पाणी ठेवलं.