पानाची खालची बाजू

चिमुकल्या ठमीने पान चघळलं होतं, पण कुठलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. फाटकाच्या एका अंगाला कण्हेर, दुसऱ्या अंगाला तसल्याच लांबट पानांचं एक निरुपद्रवी शोभेचं झुडूप. दोन्ही ठमीच्या आत्यानेच लावलेली. भावजय वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, "वन्सं, पोर रांगायला लागलीय, ती कण्हेर काढा." आत्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मला झाडं शिकवू नकोस, म्हणून तिने तिला उडवून लावलं होतं.

आता ठमी दवाखान्यात होती, नाडी मंदावत चालली होती, आणि तिच्या मुठीतून काढलेला चोथा आत्याच्या टेबलावर होता. डॉक्टरांकडे कण्हेरीवरचा उतारा होता, पण एकच कुपी. खात्री झाल्याशिवाय ती फोडायला ते तयार नव्हते. म्हणून आत्या दोन गल्ल्या पळत शाळेच्या प्रयोगशाळेत आली होती.

तिने चिमट्याने एका तुकड्याचा पापुद्रा सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी फरशीसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या. कण्हेरीच्या पानाला बारीक खड्डे असतात, खड्ड्यांत केस असतात. इथे तसलं काहीच नव्हतं. आत्याच्या जिवात जीव आला. तिने भावाला फोन लावला.

"कण्हेर नाही रे!"

"ताई, नक्की?"

"नक्की."

फोन ठेवून तिने पुन्हा एकदा पाहिलं, आपलं मनाच्या समाधानासाठी. या पापुद्र्यावर एकही रंध्र नव्हतं. मग हे पान श्वास घेतं कुठून? बहुतेक झाडांची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात, हे तर ती दरवर्षी पोरांच्या डोक्यात भरायची. चोथ्यात वरची बाजू कुठली नि खालची कुठली, काही कळत नव्हतं, आणि तिने नेमकी वरची साल काढली होती. जे दिसावंसं वाटत होतं तेच पाहिलं होतं, गाढवीने.

तिने दुसरा तुकडा हलू नये म्हणून गाजराच्या चिरेत दाबला आणि ब्लेडने आडवे काप घेतले. पहिला जाड निघाला. दुसरा फाटला. तिसरा काचपट्टीवर नीट पसरला. वर मेणाचा थर, त्याखाली उभ्या पेशींच्या रांगा, मग हवेच्या पोकळ्या, आणि तळाशी खड्डे. खड्ड्यांत केस, केसांच्या आड रंध्रं.

भावाचा फोन लागेना. स्वारी आनंदाची बातमी गावभर सांगत सुटली असणार! तिने भावजयीला लावला.

"मी चुकले गं. कण्हेरच आहे. कुपी फोडायला सांग!"

पलीकडून "डॉक्टर!" अशी किंकाळी आणि धावणारी पावलं.

संध्याकाळी आत्या दवाखान्याच्या बाकावर बसली होती. आत जायचं धाडस होत नव्हतं. भावजय बाहेर आली, डोळे सुजलेले.

"नाडी वर आलीय. पाणी मागतेय."

आत्या हमसून हमसून रडली. भावजय शेजारी बसली आणि तिला रडू दिलं.

"वन्सं," शेवटी ती म्हणाली, "घरी जाऊन या. कुदळ जिन्याखाली आहे."