सहीचा हुंडा

सुप्रियाने गोदामाबाहेर येऊन जॅकेटच्या कापडातून ओढलेला धागा काडीच्या ज्योतीवर धरला. सुती धागा जळला की कागदासारखा वास येतो आणि राख उरते. हा धागा वितळला, त्याचा टणक काळा मणी झाला. कागदावर मात्र माल 'सुती' होता. अशी चार हजार थंडीची जॅकेटं परदेशातून येऊन चाकणच्या त्या गोदामात पडली होती.

माल कशाचा, यावर त्याची जकात ठरते. सुती दाखवलं की नगामागे बरीच वाचणार होती. माल ओळखण्यात सुप्रियाचा हात धरणारं आयात माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या तिच्या क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कोणी नव्हतं. दोनदा परीक्षा देऊन तिने कस्टमचं कार्ड मिळवलं होतं आणि तिच्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नसे. तिने कागद बाजूला ठेवला. पण माल मागवला होता दादासाहेबांनी, आणि नऊ दिवसांनी दादासाहेब तिचे सासरे होणार होते.

दादासाहेब चाकणकडचे जुने जमीनदार. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्या पैशांतून गोदामं उभी राहिली. याद्यांच्या बैठकीत त्यांनी चारचौघांत 'हुंडा : काही नाही' असं लिहायला लावलं, तेव्हा सुप्रियाच्या वडिलांना, सोपानरावांना, रडू आवरेना. हुंडा न घेणारी माणसं केवढी महाग पडतात, हे त्या साध्या माणसाला कुठून ठाऊक असणार!

कागद अडला त्याच संध्याकाळी दादासाहेब मुलाला, ज्ञानेशला, घेऊन संत तुकाराम नगरात सोपानरावांच्या घरी आले. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"पोरी, कागद अडवलास म्हनं?"

"मामा, ते सुती नाही. धागा वितळला."

"आगं, धाग्याला कोन इचारतंय? आमी गाडी मागितली? सोनं मागितलं? न्हाई ना? मग सासरसाठी येवढी एक सही जड झाली व्हय तुला?"

"सगळेच करतात, सुप्रिया," मोबाइलमधून मान वर न काढता ज्ञानेश म्हणाला.

चहा संपवून दादासाहेब उठले. दारात थांबून सोपानरावांना म्हणाले, "सही झाली तर पोरीला हळद लावा. न्हाईतर राहू द्या."

सकाळी सोपानराव म्हणाले, "दापोडीपास्नं तळेगावपातुर पत्रिका वाटल्यात गं. माझी येवढी अब्रू राख." त्यांनी स्वतः स्कूटरवरून तिला ऑफिसात सोडलं आणि सही होईपर्यंत खाली रस्त्यावर उभे राहिले. तिने वरच्या खिडकीतून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली.

चौथ्या दिवशी कस्टमची तपासणी झाली. अधिकाऱ्यांनाही धागा ओळखता येत होता.

"आमी शेतकरी मानसं सायेब," दादासाहेबांनी जबाब दिला, "आमाला धाग्यातलं काय कळतंय? पोरगी शिकलेली, तिनं लिव्हलं तसं आमी मानलं." तिचं कार्ड गेलं, मागोमाग नोकरी गेली. हळदीच्या सकाळी, मांडवात बायका जमल्यावर, दादासाहेबांचा निरोप आला: चोरीचा डाग लागलेली सून नको. ज्ञानेशने तिचा नंबर ब्लॉक केला. आणि शेजारणी काय म्हणाल्या? मुलीच्याच हाताला वळण नव्हतं!

महिन्याच्या आत ज्ञानेशचं दुसरीकडे जमलं. ही मुलगी बँकेत कर्जाच्या फायली तपासते. याद्यांत पुन्हा हुंडा काही नाही.

ते ऐकल्यावर सुप्रिया उठली आणि पोलीस ठाण्यात गेली. सोपानराव तिला अडवायला मागोमाग आले, पण टेबलापाशी हवालदार बाईंना पाहून मागे सरले आणि बाकावर बसले.

"रोकड दिली? सोनं?" हवालदार बाईंनी विचारलं. "याद्यांत तर हुंडा नाही लिहिलंय. सही म्हणजे कुठला हुंडा गं?"

"जी दिल्याशिवाय मला हळद लागणार नव्हती ना ताई, ती सही. त्या दुसऱ्या मुलीकडेही हेच मागतील. तिचं लग्न व्हायच्या आत लिहून घ्या."

बाई रजिस्टर पुढे ओढून लिहू लागल्या. "मागणाऱ्याचं नाव?"

तिने दादासाहेबांचं आणि ज्ञानेशचं नाव सांगितलं.

"आणि देणारा? देणंही गुन्हाच असतो. तुझ्यावर जोर कुणी केला?"

सुप्रियाने बाकाकडे पाहिलं. सोपानराव ताडकन उठले.

"बापाचं नाव घेनार तू? तुझ्याच भल्यासाठी केलं ना मी?"

"अप्पा, ते मागून मागून थकले असते," सुप्रिया म्हणाली. "दिलं तुम्ही."

आणि हवालदार बाईंकडे वळून तिने वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं.