नाना एकदाच गप्प बसले

फोन आला तेव्हा आमचे दिग्दर्शक आंघोळीला गेले होते, छायाचित्रकार बेसिनखालची तुंबलेली नळी उघडून बसले होते आणि मुख्य अभिनेत्री मटार सोलत होत्या. ध्वनिमुद्रक मी. घरातल्या प्रत्येक आवाजावर खेकसणं हे माझं काम, म्हणून फोनही मीच उचलला.

महोत्सवाच्या कार्यालयातली मुलगी बोलत होती. कुठल्याशा चित्रपटवाल्यांनी ऐनवेळी माघार घेतली होती आणि आज संध्याकाळच्या खेळाला पडदा मोकळा होता. तुमचा चित्रपट आम्ही राखीव ठेवला होता, दुपारी चारपर्यंत प्रत हातात मिळाली तर लावतो, असं ती म्हणाली. आम्ही राखीव आहोत हे आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. आम्ही आपले नाकारले गेलो असं समजून, चार दिवस तोंडं पाडून, पुन्हा कामाला लागलो होतो. एवढी मोठी प्रत आमच्या घरच्या इंटरनेटवरून पाठवायची तर पुढच्या वर्षीचा महोत्सव उजाडला असता. म्हणजे स्वतःच घेऊन जाणं आलं.

पदव्या ऐकून कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. दिग्दर्शक म्हणजे माझा दीर, घरातला धाकटा. छायाचित्रकार माझा नवरा, एरवी ओळखपत्रांचे फोटो काढतो आणि लोकांना हनुवटी वर करायला सांगतो. मुख्य अभिनेत्री माझ्या सासूबाई. खरी अभिनेत्री दुसऱ्याच दिवशी मालिकेत काम मिळालं म्हणून निघून गेली, आणि दिवे लावून बघायला कुणीतरी खुर्चीत बसायला हवं म्हणून सासूबाईंना बसवलं, त्या बसल्या त्या शेवटपर्यंत. अभिनय येतो का, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही आम्हाला चित्रपट काढता येतो का, हे विचारलं नाही.

गोष्ट एवढीशीच. बटणांचं दुकान चालवणारी, एकटी राहणारी एक बाई दुकान कायमचं बंद करते आणि घरी येते. टेबलाशी बसते, बटणांचा डबा उघडते आणि एक मिनिटभर काहीही करत नाही. मग झाकण लावते. धाकट्याच्या मते अख्खा चित्रपट त्या मिनिटासाठी होता.

आणि नेमके त्या मिनिटाला नाना खाकरले.

नाना म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य भरल्या बसमध्ये ओरडून तिकिटं फाडलेला घसा तो. बोलायच्या आधी खाकरायचे, बोलून झाल्यावर खाकरायचे, दारातून आत येताना तर दोनदा. चित्रीकरण आमच्याच घरात, त्यामुळे त्यांना आतल्या खोलीत बसवून ठेवायचं आणि हाताची घडी तोंडावर बोट करायला लावायचं. ते मान डोलवायचे आणि कॅमेरा सुरू झाला की खाकरायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सासूबाईंचं ते मिनिट एकदाच जमलं, पुन्हा कधी तसं जमलं नाही, आणि त्यात मधोमध नाना.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. चित्रीकरण संपलं की त्या खोलीत सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि मी नुसती शांतता मुद्रित करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठं फ्रीज घुमतो, कुठं रस्ता ऐकू येतो. नंतर कुठं नको तो आवाज कापला की त्या भोकावर त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावायचं, म्हणजे शिवण दिसत नाही.

शेवटच्या दिवशी मी नानांना मुद्दाम बाहेरच्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर बसवलं. त्यांनी रुमाल तोंडावर दाबून धरला. अर्ध्या मिनिटात चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, खांदे हलायला लागलेले. पण गप्प बसले. मी "झालं" म्हणून यंत्र बंद केलं आणि नाना असे काही खाकरले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. सगळे हसलो. श्वास ताळ्यावर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "एवढं रिकामं भरून नेऊन करतेस तरी काय गं?"

मी म्हटलं, "तुमच्या घशाला ठिगळ लावते."

त्यांना ते फार आवडलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. चित्रपट लागेल तेव्हा आपण पहिल्या रांगेत बसणार आणि ठिगळ कुठं लावलंय ते ओळखून दाखवणार, असंही सांगायचे.

चित्रपट जोडत होतो तेव्हाच नाना गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. घर इतकं शांत झालं की मला काम करवेना. माझ्यासारख्या बाईला शांतता नकोशी व्हावी, म्हणजे काय ते समजा.

त्यानंतर सासूबाईंनी चित्रपटाचं नाव काढलं नाही. धाकटा लॅपटॉप घेऊन गेला की त्यांना नेमकं काहीतरी वाळत घालायचं असायचं. मीच केलाय तो, मला ठाऊक आहे काय आहे त्यात, असं म्हणून उठायच्या. धाकटा एकदा मला म्हणाला होता, "वहिनी, नाना तर गेले. आता आईनेही बघितला नाही, तर मी हा केला कुणासाठी?" महोत्सवांनी नाकारल्याचं दुःख त्याने कधी एवढं केलं नव्हतं.

म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बातमी सांगितली तेव्हा सगळे आधी सासूबाईंकडे बघायला लागलो. धाकटा तर डोक्यावरचा साबण तसाच घेऊन आला होता. सासूबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली, दाणे भांड्यात टाकले आणि कधी निघायचं म्हणून विचारलं.

मग काय, नुसता गोंधळ. नळी तशीच उघडी राहिली, मटार अर्धे राहिले. नवऱ्याने गाडी काढली. मागच्या भागात त्याच्या कालच्या कामाचे दिवे आणि स्टँड तसेच पडलेले, ते उतरवायला वेळ कुणाला? मी आणि सासूबाई त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलो. धाकट्याने प्रत घेतली होती, मी लॅपटॉप घेतला होता. गाव मागे पडल्यावर मी सवयीने प्रत तपासायला घेतली आणि पहिलं तेच मिनिट लावून ऐकलं.

नाना खाकरले.

आता हा घोळ कसा झाला ते ऐका. घरच्या मोठ्या यंत्रावर आमच्या चित्रपटाच्या चार प्रती होत्या. एकीचं नाव 'शेवटची', दुसरीचं 'पक्की', तिसरीचं 'पक्की म्हणजे पक्की' आणि चौथीचं 'आता कुणी हात लावायचा नाही'. ठिगळ लावलेली ती चौथी. धाकट्याने आज्ञाधारकपणे तिला हात लावला नव्हता आणि तिसरी उचलून आणली होती. नाव मीच दिलं होतं, त्यामुळे ओरडायचीही सोय नव्हती.

परत जायला वेळ नव्हता. पण माझे सगळे आवाज माझ्या लॅपटॉपवर असतात. खाकरणं कापायचं, ठिगळ लावायचं आणि उरलेल्या रस्त्यात गाडीच्या विजेवर नवी प्रत करायची, हे जमण्यासारखं होतं. फक्त नीट ऐकायला मला इंजिन बंद हवं होतं. नवऱ्याने एका बंद गोदामाच्या भिंतीला लागून गाडी उभी केली.

आणि माझा हात चालेना. आधी ज्याच्यावर मी शंभरदा दातओठ खाल्ले, तो आवाज कानात पुन्हा पुन्हा ऐकत बसले.

धाकटा पुढून म्हणाला, राहू दे वहिनी, नाना आहेत ते. नवरा सहसा बोलत नाही, पण या वेळी त्याने तोंड उघडलं. त्याचं म्हणणं, आपल्याला नाना आहेत, लोकांना काय? एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात आतून पुरुष खाकरला, तर प्रेक्षक ते अख्खं मिनिट आतून कोण येतंय याची वाट बघत बसतील. बरोबरच होतं ते. धाकट्याला तर माझ्याहून जास्त पटत होतं, म्हणूनच तो चिडला. त्याचंच चित्र होतं, तेच मिनिट होतं. दोघे भाऊ घड्याळाकडे बघत भांडायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "ते कानाचं इकडे दे."

मी हेडफोन दिले. आमच्या दोघींच्यामध्ये लॅपटॉप, त्यावर त्या स्वतः टेबलाशी बसलेल्या. त्यांनी स्वतःकडे बघितलंही नाही, डोळे मिटून ऐकलं. तो आवाज आला तेव्हा त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, दार वाजल्यावर जातात तशा. मग त्यांनी हेडफोन काढले.

"काढ ते."

"आई, नीट विचार करा," मी म्हटलं. "चित्रपटात ह्याशिवाय त्यांचा आवाज..."

"काढ म्हणते ना. ह्यांना बजावून सांगितलं होतं, पोराचं काम चाललंय, घसा आवरा. जन्मात कधी माझं ऐकलं असेल तर शपथ. चारचौघांत शोभा नको."

नवरा गेलेल्या बाईचा सूर तो नव्हता, नवरा शेजारच्या खोलीत असलेल्या बाईचा होता. मी कापलं. मग ठिगळासाठी त्या दिवसाची शांतता शोधली, आणि ती लावायच्या आधी माझ्या लक्षात आलं की हे त्यांना सांगायला हवं. मी पुन्हा हेडफोन त्यांच्या हातात दिले.

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "ह्यात तर काहीच नाही."

"नाना आहेत," मी म्हटलं. "रुमाल तोंडावर धरून बसलेत. आठवतंय ना? एकदाच गप्प बसले होते."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. गाडीत कुणी हललं नाही. धाकटा भिंतीकडे तोंड करून बसला होता, नवऱ्याने घड्याळावर हात ठेवला होता. मिनिट संपल्यावर त्यांनी मला बोटानेच पुन्हा लावायची खूण केली. मी पुन्हा लावलं.

"पण शेवटी खाकरले होते ना ते? कुत्रा भुंकला होता," त्या कुणाला उद्देशून म्हणाल्या कळलं नाही.

"त्याच्या आधीच मी यंत्र बंद केलं. ते नाही मुद्रित झालं."

"म्हणजे हे अजून तसेच बसलेत होय," सासूबाई म्हणाल्या आणि हेडफोन काळजीपूर्वक मिटून माझ्या मांडीवर ठेवले.

मी ठिगळ लावलं, प्रत करायला टाकली, आणि उरलेला सगळा रस्ता त्या हिरव्या पट्टीकडे डोळे लावून काढला. ती पट्टी गोगलगाय बरी अशा चालीने सरकत होती. थिएटरच्या मागच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा ती जेमतेम संपली. आतून एक माणूस आला, त्याने प्रत घेतली, आमच्या केसांचा अवतार बघितला आणि वेळेत आलात, एवढंच म्हणाला.

सभागृह अर्धं भरलं होतं. आमच्यासाठी अर्धं म्हणजे तुडुंब. सासूबाई कुणालाही न विचारता सरळ पहिल्या रांगेत गेल्या, कडेची खुर्ची सोडून दुसरीत बसल्या आणि कडेच्या खुर्चीत आपली पिशवी ठेवली. त्यांच्या दुसऱ्या बाजूला मी, माझ्यापलीकडे धाकटा. नवरा मागे उभा राहिला. पडद्यावरचा उजेड बरोबर आहे की नाही या काळजीने त्याला कुठं बसवतच नाही.

दिवे गेले. सासूबाई बघत होत्या. दुकानाच्या दृश्यांत त्यांनी एकदा माझ्या कानाशी येऊन, चालताना मी अशी वाकते का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. धाकटा पडद्याकडे बघतच नव्हता, माझ्यावरून वाकून आईकडे बघत होता. मला त्याला चापट मारावीशी वाटली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवावासाही वाटला. शेवटी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

मग बटणांचा डबा उघडला आणि ते मिनिट आलं.

थिएटरमधली माणसं मला माहीत आहेत. कागद वाजवतात, खुर्च्या करकरवतात. पण त्या दिवशी कुणी हललं नाही. पडद्यावर सासूबाई नुसत्या बसलेल्या आणि चारही बाजूंच्या स्पीकरमधून आमच्या घरची शांतता त्या अनोळखी लोकांवर पसरलेली. आमचा फ्रीज, लांबचा रस्ता. आणि खुर्चीत रुमाल दाबून बसलेले नाना, जे तिथल्या फक्त चौघांना ऐकू येत होते. पूर्ण मिनिट ते गप्प बसले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पडद्यावरच्या सासूबाईंनी डब्याला झाकण लावलं. माझ्या शेजारच्या सासूबाई कडेच्या खुर्चीकडे किंचित वळल्या आणि चहा ठेवलाय सांगतात त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"झालं हो. खाकरा आता."

आणि लोक खाकरले. मिनिटभर श्वास रोखून बसलेली माणसं ती. एक मागून, दोन उजवीकडून, मग अख्ख्या सभागृहात जागोजागी घसे मोकळे व्हायला लागले, दाराजवळचे कुणी आजोबा तर दोनदा. धाकटा माझा हात धरून हसत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. सासूबाई हाताची घडी घालून ऐकत होत्या, अगदी समाधानाने.

थिएटरात खोकणाऱ्या माणसाकडे वळून डोळे वटारल्याशिवाय मी आजवर कधी राहिलेले नाही. त्या दिवशी मी वळले नाही.